‘माध्यम’ या रकान्यात काय लिहायचं?

कलाप्रदर्शनासाठी पहिला अर्ज भरायला घेतला आणि ‘माध्यम’ या रकान्यापाशी अडले. तैलरंग, जलरंग, शिल्प, मुद्राचित्र, मिश्र माध्यम एवढेच पर्याय होते. माझं काम साडेतीन फूट उंचीचं, सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) काथ्या आणि वडिलांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या यांचा बाणा (आडवे धागे) विणून केलेलं. ‘मिश्र माध्यम’वर खूण केली. काम परत आलं. घ्यायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी अगदी आपुलकीने सांगितलं, "ताई, छानच आहे हो, पण हे हस्तकलेत जातं. तिकडे द्या ना." पुढच्या महिन्यात एका हस्तकला प्रदर्शनाच्या आयोजकांना भेटले. त्यांनी काम उलटसुलट करून पाहिलं. "आसन आहे का हे?" मी म्हटलं, नाही, भिंतीवर लावायचं. "मग हे आर्टवाल्यांचं, मॅडम."

या दोन उत्तरांच्या मधे मी दोनेक वर्षं काढली. धागा, कापड, दोर घेऊन काम करणाऱ्या बऱ्याच जणी याच जागी थांबतात आणि ‘आपलं घरच्या घरी बरं आहे’ म्हणून माग गुंडाळून ठेवतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी लालबागला राहते, शाळेत चित्रकला शिकवते. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) होऊन १६ वर्षं झाली. विणण्याकडे वळले ती वर्गातच. मुलांना पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यावर लोकर विणायला शिकवायचं होतं. मुलं सुटली, घरी गेली आणि मी पुठ्ठा हातात घेऊन तासभर बाकावरच बसून राहिले. चित्र काढताना हात इतका शांत मला कधी लागला नव्हता.

आता शिकायचं कुठे? मुंबईत कापडाचं शिक्षण कमी नाही. १८५७ पासूनच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये टेक्स्टाइल डिझाइन आहे, पण तो बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन करायचा चार वर्षांचा अभ्यासक्रम. जुहूला एसएनडीटीत वस्त्रशास्त्र आहे, वरळीला सस्मिरा आहे, माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. खारघरच्या निफ्टमध्ये नोकरदारांसाठीही काही अभ्यासक्रम चालतात. यातला मोठा भाग गिरणी, कारखाना आणि तयार कपड्यांच्या धंद्यासाठी आखलेला आहे, आणि ते साहजिक आहे. कावसजी दावर यांनी १८५४ साली इथली पहिली कापडगिरणी उभारायला घेतली, तेव्हापासून या शहराचं पोट कापडावर चाललं. पण चाळिशीकडे झुकलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईला कलाकृती म्हणून विणायचं असेल, तर तिला शिक्षण तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागतं.

पहिला तुकडा फसला. मोठी फी भरून सहा रविवारांच्या एका वर्गाला गेले. बारा जणी आणि माग एक. सगळा वेळ पडद्यावर फोटो बघण्यात गेला. सहा रविवार मिळून माझ्या वाट्याला तासभरही माग आला नाही. तेव्हापासून कुठल्याही कार्यशाळेचे पैसे भरण्याआधी मी तीन गोष्टी विचारते: माग किती, एकीला सलग किती तास मिळणार, आणि विणलेला तुकडा मागावरून उतरवून घरी नेता येणार का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. ताणा लावण्यापासून तुकडा उतरवण्यापर्यंत सगळं एकदा स्वतःच्या हाताने झालं नाही, तर विणकाम शिकलो असं म्हणता येत नाही.

ऑपेरा हाऊसजवळच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात गेले ते बरंच उशिरा, आणि उशिरा गेल्याची अजून हळहळ वाटते. विणकर सेवा केंद्रांची सुरुवात १९५६ची. नक्षी, विणाई, रंगाई, छपाई एकाच ठिकाणी असावी आणि विणकराशेजारी चित्रकार बसावा, ही त्यामागची कल्पना. प्रभाकर बरव्यांसारखा चित्रकार जे. जे.मधून बाहेर पडल्यावर अशाच केंद्रात, वाराणसीला, नोकरीला होता. ही केंद्रं मुळात हातमाग विणकरांसाठी आहेत, आपल्यासारख्यांच्या हौसेसाठी नाहीत, हे लक्षात ठेवूनच जावं. पण कापड आणि चित्र यांच्यात जी भिंत मला दोन वर्षं दिसत होती, ती या केंद्रांत इतकी आधी ओलांडली गेली होती, हे कळल्यावर मी ताठ मानेने बोलू लागले.

खरे गुरू मात्र दोन खोल्या सोडून राहत होते. अप्पा गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते, १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला त्या दिवसापर्यंत. नंतर मिळेल ते काम केलं. मी गॅलरीत लाकडी चौकटीला खिळे मारून विणत बसायचे. येता-जाता ते नुसते बघायचे. एके दिवशी थांबले, दोन बोटं ताण्यावरून फिरवली आणि म्हणाले, "पोरी, डावीकडं ढिला हाय. म्हणून तुझी कड आत येती." माझी कड आत का येते, हे मी सहा महिने शोधत होते. त्यांनी विणकरांची गाठ शिकवली, तुटलेला धागा डोळे मिटून सांधता येईल अशी. कांडी, धोटा, फणी (ताण्याचे धागे वेगळे ठेवणारी), वय हे मागाचे शब्द मला त्यांच्याकडून मिळाले. मी वारंवार ‘वार्प’ म्हणायचे. एकदा त्यांनी विचारलं, "ताणा म्हणायला काय होतं?" तो प्रश्न पुढे माझ्या फार कामी आला.

रंगाई मी वही घेऊन शिकले. सुती धागा तुरटीत उकळून मंजिष्ठात घातला, सुंदर लाल आला, आणि दोन धुण्यांत निघून गेला. सुताला तुरटी सहजासहजी धरत नाही. आधी हरड्याचं पाणी द्यावं लागतं, मग तुरटी, मग रंग. हरड्यावर हिराकस (लोखंडाचा क्षार) दिली की करडा-काळा येतो; मात्र हिराकस जास्त झाली तर धागा कुजतो. प्रत्येक वेळी धाग्याचं वजन, पाण्याचं माप, वेळ आणि दोन इंचांचा नमुना वहीत चिकटवायचा असा नेम ठेवला. फसलेले नमुनेसुद्धा. नेम म्हणून ठेवलेली ही वही पुढे माझी सर्वांत मोठी ओळख ठरली.

आता कागदपत्रांबद्दल, कारण माहिती शोधायला सर्वांत जास्त त्रास तिथे झाला. केंद्राच्या वस्त्र मंत्रालयात हस्तकलेचे विकास आयुक्त वेगळे आणि हातमागाचे वेगळे. भरतकाम, काथ्याकाम करणाऱ्या कारागिराला हस्तकलेकडून ‘पहचान’ कार्ड मिळतं, आणि सरकारी मेळ्यांत जागा मागताना ते उपयोगी पडतं. मागावर विणणारा माणूस हातमागाच्या बाजूला मोडतो. माझ्या कामात दोन्ही आहे, त्यामुळे मला आधी ठरवावं लागलं की मी तिथे काय म्हणून उभी राहते आहे. मी पिढीजात विणकर नाही. ज्यांचं घर मागावर चालतं त्यांच्यासाठी राखलेल्या जागेवर मी हक्क सांगणं मला पटलं नाही, म्हणून तो रस्ता मी सोडला. एखादी मैत्रीण भरतकामावरच पोट भरत असेल, तर तिने मात्र कार्ड नक्की काढावं.

राहिला कलेचा रस्ता. इथे वयाची अट आधी बघा. तरुण कलाकारांच्या बऱ्याच योजना पस्तिशीच्या आसपास संपतात. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या फेलोशिपमध्ये चाळिशीच्या आतले ज्युनियर आणि पुढचे सीनियर. दोन वर्षं, दरमहा अनुक्रमे १०,००० आणि २०,००० रुपये. तिथे अभ्यासाचा विषय नीट मांडावा लागतो, नुसत्या कामाच्या फोटोंवर भागत नाही. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे अनुदानासाठी प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत पाठवता येतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

कारण अर्जासोबत द्यायचं, स्वतःच्या कामाबद्दलचं माझं निवेदन तोवर इंग्रजीत होतं. दुसऱ्यांच्या कॅटलॉगमधून उचललेले शब्द, ‘आयडेंटिटी’, ‘मेमरी’, ‘स्पेस’. एका ज्येष्ठ चित्रकार ताईंना दाखवलं. त्यांनी वाचून कागद परत दिला आणि विचारलं, "यात धोतर कुठे आहे?" घरी येऊन मी मराठीत लिहायला बसले. वडिलांचं धोतर कितव्या धुण्यानंतर फाडायला मऊ होतं. काथ्या ओला करून विणला तर वाळताना ताण्याला कसा ओढतो. ‘ताणा’ अप्पांच्या तोंडून कसा ऐकला. एक पान झालं आणि त्यात एकही उसना शब्द नव्हता. इंग्रजी लागेल तिथे याच पानाचं भाषांतर करायचं ठरवलं. गेली दोन वर्षं तेच पान थोडंफार बदलून सगळीकडे जातंय.

त्याच सुमारास आपल्या आधीच्यांची ओळख करून घेतली. मुंबईतच जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जींनी दोराला गाठी मारत माणसाहून उंच शिल्पं उभी केली. त्यांच्या निधनानंतर, २०१९ साली, न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. मुंबईच्याच मोनिका कोरिआ विणता विणता मागाची फणी काढून घेतात आणि ताण्याचे धागे मोकळे वाहू देतात. अप्पांना हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फणी काढून कड सरळ ऱ्हायली? मोठी बाई हाय."

फोटोंचं थोडक्यात सांगते. समोरून फ्लॅश मारला की विणकाम सपाट दिसतं. सकाळी खिडकीतून आडवा उजेड येतो तेव्हा, काम खिडकीच्या काटकोनात टांगून फोटो घ्यावा. धाग्याधाग्याची सावली पडते. एक पूर्ण, एक कडेचा, एक इतक्या जवळून की धागे मोजता येतील. कामाची रुंदी वर, मधे, खाली अशी तीनदा मोजावी, ती एकसारखी नसते. आणि काम घडी करून ठेवू नये. नळीवर गुंडाळून वर मांजरपाट. आपल्या पावसाळ्यात काथ्याला बुरशी आणि लोकरीला कसर लागायला फार वेळ लागत नाही. माझं एक काम असंच गेलं.

एकूण अकरा अर्ज केले. नऊ नकार आले, त्यातल्या पाचांनी कळवलंही नाही. दहावा मुंबईबाहेरच्या एका महिन्याच्या निवासी कार्यशाळेचा होता. मुलाखतीत त्यांनी विणकामाबद्दल दोनच प्रश्न विचारले आणि बाकी सगळा वेळ रंगाची वही चाळली. फसलेला लाल कुठल्या पानावर आहे, ते त्यांनी मागून घेतलं. निवड झाली. शाळेतून बिनपगारी रजा घेऊन गेले. तो महिना म्हणजे पहाटे उठून विणणं, रात्री दमून झोपणं, आणि मधे कुणीही ‘हे काय कामाचं’ असं न विचारणं.

अकराव्या अर्जातून इथल्याच एका सामूहिक प्रदर्शनात जागा मिळाली. माध्यमाचा रकाना या वेळी मोकळा होता. मी लिहिलं: ‘ताणा: दोन पदरी सुती सूत. बाणा: काथ्या, हरडा आणि हिराकशीत रंगवलेलं जुनं धोतर.’ कामाशेजारची पाटी मराठीतही लावा अशी विनंती केली, ती त्यांनी मानली.

उद्घाटनाला अप्पा आले, इस्त्रीचा सदरा घालून. पाटी मोठ्याने वाचली. समोरून दोन मिनिटं पाहिलं, मग भिंतीला गाल टेकवून काम आणि भिंत यांच्या फटीतून मागची बाजू बघू लागले. तिथला मुलगा लगबगीने पुढे आला, मी त्याला हातानेच थांबवलं.

"वरून तिसऱ्या पट्टीला एक गाठ सुटाय लागलीय," अप्पा म्हणाले. "घरी आणलीस की हाक मार."