काखेतली गाठ बघून घाबरू नका, आधी आत काय चालू असते ते बघा

मृग बहाराची संत्रा तोडणी सुरू होती, काटोलच्या बागेत पुतण्याच्या तळहातात काटा मोडला. मग हात सुजला, लाल झाला, पू धरला आणि वरून काखेत बोराएवढी दुखरी गाठ. वहिनी पार घाबरली. डॉक्टरांनी काटा काढला, पू काढला, गोळ्या दिल्या, पण त्या गाठीचं काय, हे घरात सगळे मलाच विचारून राह्यले होते, म्हणून इथे नीट लिहितो.

आपल्या त्वचेखाली मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम मुक्कामाला असतात. बॅक्टेरिया आत शिरले की त्या गिळायला लागतात, पण एकट्याने भागत नाही, मग रसायनं सोडतात, त्याने आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, भिंती ढिल्या पडतात, पाणी झिरपते, हीच ती लाली अन् सूज. त्याच भिंतीतून न्यूट्रोफिल बाहेर येतात. रक्ततपासणीच्या सीबीसी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींत ज्यांचा टक्का सहसा सगळ्यात जास्त असतो ना, मोठ्या माणसात साधारण ४० ते ७०, तेच हे. आधी पोचलेले ल्यूकोट्रीन बी४ नावाचं रसायन सोडून मागच्यांना बोलावतात, झुंड जमते, आणि काही तर मरता मरता स्वतःच्या डीएनएचं जाळं फेकून बॅक्टेरिया अडकवतात, हे २००४ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. पुवात बहुतेक हेच मेलेले न्यूट्रोफिल असतात. मला तर पू बघून किळस येतच नाही आता.

पेशींचं हे गिळणं ओळखलं रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्हने, १८८२ मध्ये, इटलीत मेसिनाला. स्टारफिशच्या पारदर्शक पिल्लात त्याने गुलाबाचे काटे टोचले, सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशी गोळा! काटे घरच्या बागेतले, आणि त्याच बागेत संत्र्याच्याच जातीतलं एक छोटं झाड त्यांनी पोरांसाठी ख्रिसमस ट्री म्हणून सजवलं होतं. नागपूरच्या माणसाला हे वाचून किती आनंद होतो, काय सांगू. १९०८ चं नोबेल त्याला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिखसोबत मिळालं.

आता गाठ. डेंड्रिटिक नावाच्या पेशी बॅक्टेरियाचे तुकडे घेऊन हातातून काखेतल्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे संरक्षक पेशी जमतात त्या छोट्या गाठीत, जातात आणि तिथल्या टी पेशींना (ह्याही पांढऱ्या पेशीच) दाखवतात. लाखोंमधून ज्या थोड्यांना तो तुकडा जुळतो त्या भराभर वाढतात, बी पेशींना मदत करतात, आणि त्या बी पेशींकडून अँटीबॉडी नावाची प्रथिनं तयार होतात. पहिल्यांदा हे व्हायला काही दिवस लागतात, आणि एवढी गर्दी झाली की नोड सुजणारच. त्या अँटीबॉडी मग बॅक्टेरियाला चिकटतात, त्याने मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिलला गिळणं सोपं जाते. म्हणजे उशिरा आलेले पहिल्यांचंच काम हलकं करतात, मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आणि अँटिबायोटिक घेतलं तरी ह्या पेशी लागतातच. किमोमध्ये न्यूट्रोफिल फार खाली गेले की इन्फेक्शन असूनही पू नाही, सूज नाही, कधी कधी नुसता ताप. तुमच्या घरी कोणाची किमो चालू असेल आणि ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखान्यात न्या.