तुम्ही विचारलंत म्हणून : दारात चांगली गाडी असताना हे डबडं कशाला?

गणपतीची आरती झाली, प्रसादाची वाटी हातात आली की कुणीतरी विचारतंच. "अहो, घरची इलेक्ट्रिक काय वाईट आहे? मग हे पिवळं डबडं कशाला घेतलंत? आणि घ्यायचंच होतं तर जरा नवीन, पळणारं तरी घ्यायचं!" दरवर्षी मी हसून विषय बदलतो. या वर्षी नीट सांगतो.

डबडं म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर १५००, दोन सीटांची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७८ची. मी राहतो इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत, आणि ही गाडी बनली याच गावात, कॅनलीच्या कारखान्यात. कारखाना केव्हाच गेला. आता तिथं ऑफिसं आणि गोदामं आहेत, पण एका रस्त्याचं नाव अजून हेराल्ड ॲव्हेन्यू आहे. त्या नावाकडे पुन्हा येतो.

आधी घरच्या गाडीबद्दल. ती उत्तम आहे. पोरांची शाळा, किराणा, आईला विमानतळावरून आणणं, सगळं ती मुकाट करते. पण माझी नोकरी ब्रेकची आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांत, इलेक्ट्रिकमध्ये तर खासच, पेडल दाबल्यावर पायाला जे जाणवतं ते चाकाकडून आलेलं नसतं. मोटर किती रोखणार, पॅड किती घासणार हे संगणक ठरवतो आणि पायाला वाटायचं तेवढं आम्ही बेतून देतो. आठवडाभर मी हेच बेतत बसतो. म्हणून शनिवारी मला अशी गाडी हवी होती, जिच्यात मधे कुणी बसलेलं नाही. माझ्या स्पिटफायरला ब्रेकचा सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. पाय जोरात दाबला तरच ती थांबते, आणि पुढचं चाक खड्ड्याच्या कडेवरून गेलं की हाताच्या पंजाला कळतं.

आता पळण्याचं. १४९३ सीसी, ७१ घोडे. आजची साधी हॅचबॅकसुद्धा सिग्नलला हिला मागे टाकते. पण रांगडी आणि वेगवान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगवान गाडीची मजा ज्या वेगाला सुरू होते, त्या वेगाला इथं लायसन्स जातं. स्पिटफायरमध्ये तुम्ही जमिनीला टेकल्यासारखे बसता, शेजारच्या ट्रकच्या चाकाचे नट डोळ्यांसमोर फिरत असतात, आणि ताशी चाळीस मैलांना वाटतं की आपण काहीतरी भयंकर करतोय.

मग याच काळातली दुसरी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, एमजीबी, का नाही? खरं सांगायचं तर ती जास्त दणकट, जास्त शहाणी निवड आहे. माझं घोडं अडलं बॉनेटपाशी. कोल्हापुरात आमच्या शेजारच्या वकीलकाकांकडे दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड होती. ट्रायम्फचीच हेराल्ड ती, मद्रासला स्टँडर्ड या नावानं बनायची. रविवारी काका तिचं बॉनेट उघडायचे, म्हणजे पुढच्या दोन्ही मडगार्डांसकट गाडीचं अख्खं नाक पुढं कलंडायचं, आणि इंजिन उघडं पडायचं. काका चाकावर बसून प्लग साफ करायचे. आम्ही पोरं पाने हातात देण्याच्या मानासाठी भांडायचो. स्पिटफायरचं बॉनेट अगदी तसंच उघडतं. कारण ती हेराल्डचीच धाकटी बहीण. सांगाडा त्याच घरातला, आणि दोघींचा घाट इटलीच्या मिकेलोत्तीनं काढलेला. १९६१मध्ये ट्रक बनवणाऱ्या लेलँड कंपनीनं ट्रायम्फ विकत घेतली, तेव्हा स्पिटफायरचा नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून होता म्हणतात. नव्या मालकांच्या तो नजरेस पडला आणि १९६२च्या लंडन मोटर शोमध्ये गाडी आली. १९८०पर्यंत ती बनत राहिली.

सुरुवातीच्या गाड्या दिसायला अधिक देखण्या, पण वळणात मधेच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागची चाकं आत दुमडायची आणि गाडी गिरकी घ्यायची. १९७०च्या मार्क फोरपासून, म्हणजे चौथ्या आवृत्तीपासून, मागची स्प्रिंग बदलली आणि हा स्वभाव बराच निवळला. मला रांगडी हवी होती, माथेफिरू नको.

घेताना मी दोनच गोष्टींवर अडून बसलो. पहिली, दाराखालचा पत्रा. हेराल्डच्या सांगाड्याला बाजूच्या पट्ट्या होत्या, स्पिटफायरला त्या नाहीत. तिथं हा पत्राच ताकद देतो. तो सडला की वरचा चकचकीत रंग म्हणजे नुसती पावडर-टिकली. दुसरी गोष्ट इंजिनाची. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, पुढं-मागं सरकू न देणाऱ्या अर्धगोल चकत्या या इंजिनात झिजतात, आणि फार झिजल्या तर निसटून खाली पडतात. मग ब्लॉकच जायचा. तपासणी फुकटची आहे : एकानं क्लच दाबायचा, दुसऱ्यानं त्या दांड्याच्या पुढच्या टोकाच्या पुलीकडे बघायचं. पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा बायकोनं क्लच दाबला आणि पुली डोळ्यांदेखत पुढं सरकली. विकणारा म्हणाला, "ह्या सगळ्याच अशा असतात." आम्ही चहा पिऊन परत आलो. तिसऱ्या गाडीची पुली जागची हलली नाही. ती ही पिवळी.

तरी फसलो थोडा. पुढचं प्रत्येक चाक एका उभ्या खांबावर असतं, आणि खांबाच्या खालच्या आट्यांवर पितळेचा ट्रनियन, म्हणजे फिरता सांधा, असतो. त्याला गिअरचं जाड तेल द्यायचं असतं. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं ग्रीस ठासलं होतं. ग्रीस वाळतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. आत गंज चढून तो खांब तुटला की चाक आडवं होतं. दोन्ही बाजू खोलून नव्या बसवल्या, आणि आता दर काही महिन्यांनी तेलाची पिचकारी घेऊन मी गाडीखाली आडवा असतो.

चाळीस वर्षं उलटली की इथं रोड टॅक्स माफ, वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. मी तरी दरवर्षी तपासून घेतो. एअरबॅग नाही, दारात लोखंड म्हणण्यासारखं काही नाही. पोरांना घेऊन मी हिच्यातून मोटरवेवर जात नाही. म्हणूनच ही दुसरी गाडी आहे. सोमवारी सकाळी चोक ओढूनही ती सुरू झाली नाही तर मी तिच्या नाकावर थाप मारतो आणि दुसरी किल्ली घेतो. एकुलती एक गाडी म्हणून ही घेणाऱ्याला मी हात जोडून नको म्हणेन.

अजून काही शंका असतील तर येत्या रविवारी सकाळीच या. बायको आता क्लच दाबायला येत नाही.