बिनतर्रीचे पोहे

रविवार, दुपारचे अडीच. झोप येत नाही.

सकाळी नागपुरात जीपीओजवळ माझ्या जुन्या दोस्ताने, लंबूने पोहेवाल्या काकांना सांगितलं, "मला बिनतर्रीचे द्या." तर्री, म्हणजे वरून ओततात तो तिखट तेलकट रस्सा, नको. एवढंच झालं. काकांनी हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे पाहिलं, याच्या घरी काही झालं का, अशा नजरेने.

"काहून बे, पोट बिघडलं का?" मी विचारलं.

"नाही राजा. तेल पाह्य ना वरतून किती आहे."

त्याआधी अंबाझरी तलावावर, विवेकानंदांच्या पुतळ्यापाशी, लंबूचा पळणाऱ्यांचा ग्रुप. साडेपाचला बोलावलं होतं, मी सव्वासातला पोचलो. चौदा-पंधरा पोरंपोरी घामाने निथळत एकमेकांच्या घड्याळात डोकं खुपसून उभी. एकीचे ५ किलोमीटर २८ मिनिटांत झाले म्हणून टाळ्या. मीही वाजवल्या. एक पोरगा म्हणाला, "काका, एक फोटो काढता का?" काका! ३४ चा आहे मी. जाऊ दे.

पण ती तर्री डोक्यातून जात नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी, त्याच्या बाबांना दवाखान्यातून घरी आणलं त्या सकाळी, माझं ते सगळं झालं तेव्हाही (त्याबद्दल आज नको) आम्ही तिथेच उभे होतो आणि एका प्लेटीवर दोनदोनदा तर्री मागून घेत होतो. शनिवारी रात्री फुटाळ्याच्या कठड्यावर एक वाजायचा. आता हा दहाला झोपतो. साडेनऊलाच ग्रुपवर येतं, "उद्या सेमिनरी हिल्सचा चढ, गुड नाइट," आणि खाली अकरा अंगठे. अख्खा ग्रुप झोपलेला, मी एकटा जागा. बिनतर्रीचा मीच.

हे वरचं वाक्य वाचून मलाच हसू आलं. एवढं काय. कठड्यावर बसून आम्ही तरी कोणते मोठे बोलायचो? शेवटी शेवटी तर दोघंही आपापल्या मोबाइलात. लंबू सांगत होता, झोन टू म्हणजे बोलता येईल एवढ्याच वेगाने पळायचं, वाक्य तुटलं की वेग कमी. २२० मधून वय वजा करायचं, उरतील त्याचे ६० ते ७० टक्के. माझ्यासाठी मिनिटाला हृदयाचे ११२ ते १३० ठोके. म्हणजे तासभर गप्पाच, फक्त बसायचं नाही. पळता पळता त्या घड्याळवाल्या पोरीला त्याने बाबांचं सगळं सांगितलं म्हणे. दवाखान्यात रात्रभर मी होतो सोबत. मला कधी नाही सांगितलं.

मीही विचारलं नव्हतं म्हणा.

जेवताना एक सुचलं. याला रोज १०० ग्रॅम प्रोटीन पाहिजे. पोह्यात काय असतं, चेपलेला तांदूळ. १०० ग्रॅम शिजलेल्या चण्यांत नऊएक ग्रॅम प्रोटीन, आणि चणे असतात कुठे? तर्रीत! गड्याने नेमकं तेच नाकारलं. लगेच पाठवलं त्याला. तर उत्तर, "हे बरोबर आहे बे. पुढच्या रविवारी तेल बाजूला सारून चणे घेतो. पण तू साडेपाचला ये, सव्वासातला नको येऊ."

मी उत्तर दिलं नाही अजून. बूट काढून पाहिले. भावाच्या वरातीत नाचायला घेतलेले, डाव्याचा सोल पुढून उघडलाय. फेविक्विक असेल घरात.