आज सांगून टाकलं

संध्याकाळी झेड ब्रिजवर कणसं खात बसलो होतो. आमची तिसरी भेट. माझ्या कणसाला लिंबू कमी लागलं म्हणून त्याने स्वतःची फोड पुढे केली आणि माझ्या पोटात कालवलं. मी सध्या आणखी दोघांना भेटते, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, अशी समजूत मी स्वतःची घालत होते.

सांगितलं. मागून दुचाक्या जात होत्या. दाणे संपलेलं कणीस तो बराच वेळ हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तरी मी आलोच असतो. आता मात्र मागच्या दोन्ही भेटी परत आठवून बघाव्या लागतील."

हे फार लागलं. खरंच होतं ते.

कांदेपोह्यांच्या वेळी एका महिन्यात ३-४ स्थळं बघतातच की लोक! त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण बघणं चालू आहे हे दोन्ही घरांना ठाऊक असतं. दुखतं ते अंधारात ठेवल्यामुळे. आणि मी त्याला अंधारात ठेवलं होतं.

घरी आल्यावर बाकीच्या दोघांना फोन लावले. मेसेज नाही, फोनच. एक जण म्हणाला, "बरं केलंस, माझंही तसंच आहे." दुसऱ्याने अजून उचललेला नाही. उद्या सकाळी परत करेन.