सायडबॉटम म्हणजे आपले दरेकर की!
आज लोकलमध्ये मोबाईलवर 2008 ची न्यूझीलंडमधली हॅमिल्टन टेस्ट बघत होते, इंग्लंडचा बोलर रायन सायडबॉटमची हॅटट्रिक, आणि शेजारचं पोरगं ते नाव वाचून खुदकन हसलं, खरं तर मीपण इतकी वर्षं हसतच आलेय 😄 घरी येऊन शोधलं तर बॉटम म्हणजे तसलं काही नाहीच, जुन्या इंग्रजीत दरीचा तळ, आणि साइड म्हणजे रुंद! इंग्लंडमध्ये लँकेशर, यॉर्कशर, चेशरच्या सीमेकडे डोंगरदऱ्याच फार, म्हणून तिकडेच रॅम्सबॉटम, लाँगबॉटम, शिवाय शफलबॉटम (हे तर मेंढ्यांच्या झऱ्यावरून). काहींनी म्हणे लाजून उच्चारच बदलला, सिडीबोटोम! आमच्या शेजारच्या दरेकर काकांना सांगितलं तर म्हणाले, मग आमच्यातलं कोणीतरी इंग्लंडकडून खेळलंच की. म्हटलं एक नाही काका, दोन, रायनचे वडील आर्नीपण 1985 ला एक टेस्ट खेळलेत.