राजकीय वार्ताहराच्या वह्या

सोलापूरच्या राजकारणाचे तीन दशकांहून अधिक काळ वार्तांकन केलेले आमचे ज्येष्ठ सहकारी नुकतेच निवृत्त झाले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांचे नाव येथे लिहीत नाही, कारण तशी त्यांची अट आहे. आयुष्यभर बहुतेक बातम्यांवर त्यांनी स्वतःचे नाव येऊ दिले नाही, तेव्हा निवृत्तीच्या निमित्तानेही ते मान्य करणार नाहीत हे मला ठाऊक होते. निरोपाच्या कार्यक्रमाला सर्व पक्षांचे पुढारी आले, शाल, श्रीफळ आणि सोलापुरी चादर देऊन सत्कार झाला, भाषणे झाली. त्या भाषणांत निर्भीड आणि निःपक्षपाती ही विशेषणे पुन्हा पुन्हा आली, परंतु काका नेमके काय काम करत होते, हे एकाही वक्त्याने सांगितले नाही. त्यांच्या बातम्या हातावेगळ्या करत मी संपादकीय विभागात उमेदवारी केली, म्हणून ते सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेचे उदाहरण घेतो. महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीतली सभा सुरू झाली की पहिल्या तासाभरात गोंधळ, घोषणा, सभात्याग असे सर्व काही होऊन जाई आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यापुरता मजकूर हाती लागल्यामुळे पत्रकार कक्ष रिकामा होऊ लागे. काका मात्र विषयपत्रिका मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसून राहत, कारण शहराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठराव सभागृह थकल्यावर, आयत्या वेळच्या विषयांत आणि उपसूचनांत येतात, असा त्यांचा अनुभव होता. एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलण्याचा किंवा एखाद्या मक्त्याला मुदतवाढ देण्याचा ठराव 'वाचला असे समजून' मंजूर होत असे. त्या ठरावाचा क्रमांक, सूचक आणि अनुमोदक यांची नावे ते विषयपत्रिकेच्या समासात शिसपेन्सिलीने टिपून ठेवत. घोषणा देऊन सभात्याग केलेले सदस्य त्याच ठरावाला मूक संमती देऊन गेले होते, हे दुसऱ्या दिवशी फक्त त्यांच्या बातमीत असे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासकांचा कारभार सुरू झाल्यावर सभाच होईनात, तरी त्यांची इंद्रभुवनची फेरी चुकली नाही. सभा नाही म्हणजे निर्णय होत नाहीत असे थोडेच आहे, असे ते म्हणत आणि प्रशासकीय ठरावांच्या प्रती मागून घेत.

निवडणुकांविषयी त्यांची शिस्त याहून कडक होती. सोलापूर लोकसभा मतदारसंघ हा काँग्रेसचा बालेकिल्ला असे बाहेरचे पत्रकार सहज लिहून जातात. काकांना ते वाक्य खपत नसे. १९९६ मध्ये येथून भाजपचे लिंगराज वल्याळ निवडून आले होते. २००३ मध्ये येथील काँग्रेसचे खासदार सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाल्यानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील विजयी झाले, आणि पुढच्याच वर्षी शिंदे मुख्यमंत्रिपदावर असताना त्यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे यांचा भाजपच्या सुभाष देशमुखांनी पराभव केला. ज्या मतदाराने २००९ मध्ये शिंदेंना पुन्हा निवडून दिले, त्यानेच २०१४ आणि २०१९ मध्ये त्यांना नाकारले आणि २०२४ मध्ये प्रणिती शिंदे यांना दिल्लीला पाठवले. हा मतदार कुणाच्याही मालकीचा नाही, एवढेच काका आम्हाला सांगत असत.

२०१९ चा निकाल लागला, ती रात्र मला विशेष आठवते. शिंदे सुमारे १.५८ लाख मतांनी पराभूत झाले होते आणि वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार प्रकाश आंबेडकर यांना सुमारे १.७० लाख मते मिळाली होती. या दोन आकड्यांची वजाबाकी करून बातमी संपवणे सर्वांना सोयीचे होते, आणि मीही तसाच मथळा मांडला होता. काकांनी तो बाजूला ठेवायला सांगून विधानसभा मतदारसंघनिहाय आकडे टेबलावर पसरले. आंबेडकरांची सगळी मते काँग्रेसलाच पडली असती, हे गृहीत कशाच्या आधारावर धरायचे, असा त्यांचा प्रश्न होता. "आकडे आधी बघ, मग पुढाऱ्याला फोन कर. उलट केलंस तर पुढारी सांगेल तेच आकड्यात दिसेल," असे ते म्हणाले. राजकीय वार्तांकनाविषयी याहून उपयोगी वाक्य मी ऐकलेले नाही.

जिल्ह्यातील अकराही तालुके त्यांनी एस.टी.ने पालथे घातले. तालुक्याच्या वार्ताहरांची बातम्यांची पाकिटे एस.टी.च्या वाहकाकडून येत, त्या काळापासूनची त्यांची ओळख सांगोल्यापासून अक्कलकोटपर्यंत टिकून आहे. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेल्या गणपतराव देशमुखांविषयी त्यांना मनापासून आदर होता. तरीही सांगोल्यातील पाणीटंचाईच्या त्यांच्या बातम्यांत मी कधी हात आखडता घेतलेला पाहिला नाही. आदर आणि बातमी यांची त्यांनी गल्लत केली नाही, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व गुणांत मोठी वाटते, कारण एवढ्याशा शहरात वार्ताहर आणि पुढारी एकाच लग्नात पंगतीला बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकाने दुसऱ्याविषयी लिहायचे असते.

या शहराला पत्रकारितेची किंमत ठाऊक आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. १९३० मध्ये ब्रिटिशांनी शहरावर लादलेल्या मार्शल लॉमध्ये 'कर्मयोगी' या पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे स्वतः वृत्तपत्र चालवत होते. परंतु त्या काळातील किती अंक आज एखाद्या सोलापूरकराला सहज पाहता येतील?

म्हणूनच मला काकांच्या वह्यांची काळजी वाटते. कापडी बांधणीच्या त्या जाड वह्यांमध्ये निवडणुकांचे फेरीनिहाय आकडे आहेत, महापालिकेच्या ठरावांच्या नोंदी आहेत, पक्षांतरांच्या तारखा आहेत, आणि निवडणुकीपूर्वी कोणत्या पुढाऱ्याने पाण्याविषयी कोणते आश्वासन दिले होते तेही आहे. उजनी धरणाच्या पाण्यासाठी चार-चार, पाच-पाच दिवस वाट पाहत आलेल्या शहरात या शेवटच्या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको. शासकीय दप्तरात निकाल मिळेल, आश्वासन मिळणार नाही. आज त्या वह्या त्यांच्या घरातील एका लोखंडी कपाटात आहेत आणि त्यांतील जुन्या वह्यांची शाई फिकट होत चालली आहे.

काकांचा सत्कार करण्याची ज्यांना खरोखर इच्छा आहे, त्यांनी या वह्यांचे जतन करावे. सोलापूर विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयाने त्या स्कॅन करून अभ्यासकांना खुल्या कराव्यात, असे मला वाटते. काकांना मी विचारले आहे. मूळ वह्या देण्यास ते अजून तयार नाहीत, कारण येत्या निवडणुकीत त्या लागतील, असे त्यांचे म्हणणे आहे. स्कॅन करण्यास मात्र त्यांची हरकत नाही. त्यांचे अक्षर मला वाचता येते, त्यामुळे पाने लावण्याचे आणि अस्पष्ट नोंदी उतरवून देण्याचे काम मी करीन. यंत्र आणि जागा यांची सोय कुणी करू शकत असेल, तर त्यांनी मला कळवावे.