आगळ गेले कुठे?

कोकमाच्या ऐन हंगामात वेंगुर्ल्याहून एका उद्योजक काकींचा आमच्या कुडाळच्या कार्यालयात फोन आला. "रे बाबा, चिठयेर नुसता कोकम इला हा. आगळाचा नाव खंय गेला?" आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. काकींच्या मालाची मागणी नोंदवून तिची चिठ्ठी त्यांना पाठवणारी यंत्रणा आम्ही सांभाळत होतो. ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर जी लिंक जाई, तिच्यातच मालाचे नाव असे, आणि ग्राहकाने ती उघडली की त्या नावाचा अर्ज भरून समोर येई. या मालाचे नाव होते 'कोकम & आगळ'.

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे येणाऱ्या विनंत्यांच्या नोंदवहीत, आलेला त्या लिंकचा पत्ता मी जसाच्या तसा उघडून पाहिला. 'कोकम' या शब्दात मात्रा धरून चार चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संगणकी पद्धतीत प्रत्येकाचे तीन बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन वर्णांत लिहिला जातो, त्यामुळे एवढ्याशा शब्दाची ३६ वर्णांची माळ झालेली होती. त्या माळेपुढे '%२६' स्पष्ट दिसत होते, म्हणजे & हे चिन्ह पाठवणाऱ्याने नियमानुसार सांकेतिक रूपातच पाठवले होते. लिंक निर्दोष होती.

घोळ वाचण्याच्या क्रमात होता. पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे माहितीचे घटक येतात आणि दोन घटक वेगळे करायलाही हेच चिन्ह वापरतात. जुन्या कोडमध्ये प्रश्नचिन्हापुढचा सगळा मजकूर आधी डीकोड केला जाई, म्हणजे सांकेतिक रूपातून मूळ रूपात आणला जाई, आणि मग & दिसेल तिथे तोडला जाई. त्यामुळे नावातले & आणि दोन घटकांमधले & यांत फरकच उरत नसे; 'आगळ' हा पुढे काहीच माहिती नसलेला वेगळाच घटक ठरे आणि अनोळखी म्हणून मुकाट्याने टाकून दिला जाई. त्यात 'कोकम' नावाचा स्वतंत्र माल यादीत होताच, म्हणून कुठे त्रुटीचा संदेशही उमटला नाही. (असा गुपचूप चुकणारा कोड मला कोसळणाऱ्या कोडपेक्षा अधिक धोक्याचा वाटतो.) आधी घटक वेगळे करावेत, मगच ते डीकोड करावेत आणि तेही एकदाच, असे जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ या वेबपत्त्यांच्या मानकात स्पष्ट लिहिलेले आहे. हाताने केलेली ती तोडफोड काढून मी फ्रेमवर्कचे, म्हणजे यंत्रणा ज्या तयार सांगाड्यावर बांधली होती त्याचे, स्वतःचे वाचनकार्य वापरले आणि ओळखीचा नसलेला घटक आला तर विनंती नाकारायची, अशी अट घातली.

मूळ पत्ते लॉगमध्ये शाबूत असल्याने अर्धवट नोंदी पुन्हा वाचून दुरुस्त चिठ्ठ्या संध्याकाळच्या आत वेंगुर्ल्याला पाठवता आल्या. काकींनी बांधलेल्या पेट्या सोडून त्यांत आगळाच्या बाटल्या भरल्या. मात्र त्याच लॉगमध्ये, त्याच पत्त्यांत, ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांकही उघडे पडलेले दिसले. अर्ज भरून पाठवतानाही सगळी माहिती पत्त्यातूनच जात होती. म्हणून तो अर्ज वेबवरच्या 'पोस्ट' (POST) पद्धतीने, म्हणजे पत्त्यातून न येता विनंतीच्या अंतर्भागातून येईल असा बदल केला आणि लिंकमध्ये मालाच्या नावाऐवजी नुसता क्रमांक ठेवला.